विमानतळाच्या रॅम्पवर, उघड्यात दोन रात्री काढलेल्या सेसना विमानाचं इंजिन सकाळी गरम कसं करायचं?

नभा
नमस्कार मंडळी. शिकागोच्या पश्चिमेला डुपेज विमानतळावर आमच्या फ्लाइंग क्लबचं १९७८चं सेसना १७२एन आहे. इंजिन लायकोमिंग ओ-३२०-एच२एडी. जानेवारीच्या मध्याला मला आणि नवऱ्याला ते घेऊन उत्तर मिनेसोटात, आयर्न रेंजवरच्या एका गावी जायचं आहे. माझे दीर तिथल्या रुग्णालयात डॉक्टर आहेत आणि संक्रांतीला पुतण्याचं पहिलं बोरन्हाण आहे. गाडीने जवळपास अख्खा दिवस जातो. विमानाने वाटेत ओ क्लेअरला पेट्रोल घेऊनही दुपारच्या आत पोचू.

घरी काही अडचण नाही. विमान हँगरमध्ये असतं, सम्पला (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीला) २५० वॅटचं हीटिंग पॅड चिकटवलेलं आहे. आदल्या संध्याकाळी प्लग लावला की सकाळी इंजिन छान उबदार असतं. प्रश्न तिकडचा आहे. विमानतळ लहान, टॉवर नाही. एफबीओ (विमानांना इंधन, जागा पुरवणारी सेवा) म्हणजे एकच गृहस्थ, ते संध्याकाळी पाचला घरी जातात, शनिवार-रविवारी फोन केला तर येतात. फोनवर बोलले फार आपुलकीने, पण हँगर भरलेले आहेत म्हणाले. टाय-डाउनच्या (विमान दोरीने बांधून ठेवायच्या) जागेपासून विजेचा पॉइंट बराच लांब आहे. विमान दोन रात्री उघड्यावर राहील. तिथे जानेवारीत रात्री उणे २० सेल्सिअस ही नवलाई नाही.

परवाना मिळाल्यापासून मी इतक्या थंडीत विमान बाहेर ठेवून कुठे मुक्काम केलेला नाही. प्रवासात तुम्ही लोक काय सोबत नेता? गरम हवेचा पंखा लावून अर्ध्या तासात काम होतं का, की रात्रभर ऊब लागतेच? आणि इंजिन पुरेसं गरम झालं हे ओळखायचं कसं?

शिकागोवाला
नभा, पहिला सल्ला: पुन्हा फोन कर आणि हँगर भरलेला असला तरी एक रात्र कुणाच्या हँगरमध्ये जागा होईल का ते विचार. लहान विमानतळांवर कुणी ना कुणी विमान घेऊन फ्लोरिडाला गेलेलं असतं, त्याची जागा रिकामी असते. तापवलेला हँगर मिळाला तर पैसे मोजून घे. विमान बाहेर काढायचं आणि लगेच सुरू करायचं, बाकी सगळे प्रश्न संपतात. फक्त पंखांवर बर्फ असेल तर तो आत वितळतो, ते पाणी पूर्ण पुसून, बिजागरी कोरड्या करून मगच बाहेर ओढ. नाहीतर एलेरॉनच्या फटीत तेच पाणी पुन्हा गोठतं.

तेही नाही जमलं तर लहान इन्व्हर्टर जनरेटर ने, दोन हजार वॅटचा. मी तोच वापरतो. आणि एक सांगतो, तेल १५डब्ल्यू-५० असेल तर फार घाबरू नकोस. माझं इंजिन उणे १०ला प्रीहीटशिवाय (आधी गरम न करता) दोन-तीन पात्यांत सुरू होतं.

ओझरकर
नभाताई, तुमच्या प्रश्नात जाता जाता लिहिलेला एक शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटला: एच२एडी. तिथूनच सुरू करतो.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. ओझरला एचएएलमध्ये मिगच्या शेडमध्ये नोकरी केली, पुढे इकडे येऊन ए अँड पी (विमानदुरुस्तीच्या) मेकॅनिकचा परवाना घेतला, आता मिनेसोटात लहान पिस्टन विमानांची कामं करतो. मी निफाडच्या थंडीत वाढलो. पारा ५-६ अंशांवर उतरला की द्राक्षबागांमध्ये पहाटे शेकोट्या पेटतात, ती थंडी. धातूला थंडी वाजते हे मात्र मी इथे येऊन शिकलो.

लायकोमिंग बहुतेक इंजिनांना १० फॅरनहाइटच्या (उणे १२ सेल्सिअस) खाली प्रीहीट करा म्हणतं. पण ज्यांना '७६ मालिका' म्हणतात त्या इंजिनांना ही मर्यादा २० फॅरनहाइट आहे, म्हणजे साधारण उणे ७. तुमचं ओ-३२०-एच त्याच मालिकेतलं. सेसनाने ते १९७७च्या १७२एनमध्ये आणलं आणि १९८१च्या १७२पीमध्ये बदलून टाकलं. मधल्या काळात कॅम आणि टॅपेटच्या (झडपा उघडणाऱ्या भागांच्या) पृष्ठभागावर खड्डे पडण्याच्या तक्रारींनी या इंजिनाचं नाव गाजलं. म्हणूनच त्याच्या तेलात एलडब्ल्यू-१६७०२ हे अ‍ॅडिटिव्ह घालणं बंधनकारक झालं. एरोशेल १५डब्ल्यू-५०मध्ये त्याच कामाचं रसायन आधीच असतं, काही तेलांत नसतं. निघण्यापूर्वी क्लबच्या लॉगमध्ये कुठलं तेल आहे ते बघा. इंजिन नीट सांभाळलं तर उत्तम चालतं, माझ्या हाताखालून अशी कितीतरी गेली आहेत. पण त्याला थंड सुरुवात सोसत नाही. लायकोमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या (प्रॉपेलर फिरवणाऱ्या दांड्याच्या) वर असतो आणि कॅमच्या उंचवट्यांना तेल मिळतं ते उडालेल्या शिंतोड्यांतून. तेल काकवीसारखं घट्ट झालेलं असेल तर उडणार काय आणि पोचणार केव्हा?

शिकागोवाले, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही, आणि हे मी कळकळीने सांगतो. इंजिन सुरू झालं याचा अर्थ ते सुरू करण्यालायक होतं असा होत नाही. १५डब्ल्यू-५०सारख्या मल्टिग्रेड तेलामुळे स्टार्टर फिरतो, बस. तेल इंजिनाचा एक भाग आहे, अख्खं इंजिन नव्हे. क्रँककेस (इंजिनाचं बाहेरचं कवच) अ‍ॅल्युमिनियमचा, क्रँकशाफ्ट पोलादाचा. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं. साधं गणित करा: ६० मिलिमीटर व्यासाचं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकशाफ्टचा भाग) आणि खोलीच्या तापमानापासून ४० अंशांची घसरण धरली, तर दोघांच्या आकुंचनात सुमारे २५ मायक्रॉनचा फरक पडतो. बेअरिंगमधली मोकळी जागाच मुळात काही दहा मायक्रॉनांची असते. म्हणजे तेलाला शिरायला जी फट ठेवलेली, तीच थंडीने चिमटली जाते, आणि नेमकं त्याच वेळी तेल सर्वांत घट्ट असतं. वरच्या बाजूला वेगळीच गोष्ट. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, तो पहिल्या स्फोटांबरोबर झपाट्याने तापतो आणि फुगतो. सिलिंडर पोलादी, बाहेरून धातूच्या पातळ पट्ट्यांनी (फिन्सनी) वेढलेला, तो अजून आकसलेलाच. दोघांमधली फट संपली की पिस्टन भिंतीला घासतो. त्या घासण्याचा आवाज कॉकपिटमध्ये येत नाही. तो दिसतो पुढे केव्हातरी, सिलिंडर उघडल्यावर.

त्यामुळे तुमच्या 'अर्ध्या तासात होतं का' या प्रश्नाचं उत्तर: पंखा कुठला आणि हवा कुठे सोडता यावर आहे. लहान घरगुती हीटरची हवा वरून काउलच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) तोंडात सोडली तर सिलिंडर कोमट होतात, इंजिन सुरूही होतं, आणि सम्पमधलं, कूलरमधलं, फिल्टरमधलं तेल तसंच थिजलेलं राहतं. कॉन्टिनेंटलने आपल्या सूचनांमध्ये नेमका याच वरवरच्या प्रीहीटचा धोका सांगितला आहे. एफबीओकडे प्रोपेनवर चालणारा मोठा ब्लोअर असेल तर गोष्ट वेगळी. त्याची हवा आधी खालून, काउलच्या मागच्या तोंडातून सम्पवर, मग पुढून सिलिंडरवर, मग पुन्हा खालून, अशी पाच-दहा मिनिटांच्या पाळीने आलटून पालटून द्यायची. उणे २०ला अर्धा तास हा किमान धरा, पुरेसा धरू नका. आणि त्या वेळी शेजारी उभं राहायचं, कॉफी प्यायला आत जायचं नाही. ती हवा इतकी तापलेली असते की एका जागी धरली तर रबरी नळ्या आणि रंग जळतो. अग्निशामक हाताशी हवा.

पण माझ्या मते तुमच्यासाठी खरा उपाय तुमच्या इंजिनाला आधीच चिकटलेला आहे. ते २५० वॅटचं पॅड. पॅड हळू काम करतं आणि तोच त्याचा गुण. तेल तापतं, तेलाची ऊब क्रँककेसमध्ये चढते, तिथून सिलिंडरच्या बुडाशी जाते. याला तास लागतात. वरून पांघरूण असेल तर पाच-सहा तास, उणे २०ला रात्रभरच म्हणा. पांघरुणाशिवाय मात्र उघड्या रॅम्पवर वाऱ्यात पॅडची ऊब तेलापुरतीच राहते, वर पोचतच नाही. म्हणून सोबत काय न्यावं विचारलंत तर पहिली वस्तू: काउलवर घालायचं जाड इन्सुलेटेड कव्हर. क्लबकडे नसेल तर विकत घ्यायला लावा. तात्पुरत्या सोयीला घरातल्या दोन जुन्या रजया आणि बंजी दोऱ्या चालतात, फक्त एग्झॉस्टच्या पाइपला कापड टेकू देऊ नका आणि उडून जाणार नाही असं बांधा. काउलच्या हवेच्या तोंडांत बोळे (प्लग). आणि प्रॉपेलर विसरू नका. धातूचा प्रॉपेलर थेट क्रँकशाफ्टला जोडलेला असतो, रात्रभर तो इंजिनातली ऊब बाहेर ओढून वाऱ्यावर सोडत राहतो. स्पिनर आणि पात्यांच्या मुळाशी कव्हर घातलं की फरक हाताला कळतो.

दुसरी वस्तू: चांगली एक्स्टेंशन कॉर्ड. पॅडला २५० वॅट म्हणजे दोन अँपिअरच्या आसपास, त्याला १४ गेजची बाहेर वापरायची कॉर्ड भरपूर झाली. पन्नास फुटांच्या दोन न्या. पॉइंट 'बराच लांब' म्हणजे किती हे फोनवर विचारा, आणि त्यापेक्षाही महत्त्वाचं, विमान पॉइंटपाशी नेऊन बांधू देतील का ते विचारा. लहान विमानतळावरचा माणूस सहसा नाही म्हणत नाही. इंधनपंपाजवळ, जुन्या हँगरच्या भिंतीला, कुठेतरी सॉकेट असतंच. आणि त्यात खरोखर वीज आहे का हे उतरल्यावर दिव्याने तपासा.

पुरेसं गरम झालं कसं ओळखायचं? इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या, स्वस्त असतो, खिशात मावतो. सम्प, चारही सिलिंडरची बुडं, आणि प्रॉपेलरच्या मागचं क्रँककेसचं नाक. रंगवलेल्या जागेवर रोखा, चकचकीत धातूवर तो खोटं सांगतो. मी त्या नाकाचा आकडा पाहतो. पॅडपासून सर्वांत दूरची जागा ती, आणि तिथे पुढचं मुख्य बेअरिंग आहे. नाक ४० फॅरनहाइटच्या वर गेलं असेल तर मागे सगळं ठीक असतं. दुसरी खूण डिपस्टिकची: बाहेर काढल्यावर तेल थेंब थेंब गळलं पाहिजे. काठीला चिकटून राहिलं तर वेळ झालेली नाही.

शिकागोवाला
ओझरकर, बेअरिंगचं गणित पटलं. मी तेलाच्या बाजूनेच विचार करत होतो. यापुढे उणे ७ खाली प्रीहीट.

नभा
ओझरकर काका, मनापासून आभार. लॉग पाहिला: एरोशेल १५डब्ल्यू-५०, मागच्या महिन्यात बदललेलं. पुन्हा फोनही केला. विमान पॉइंटपाशी हलवता येणार नाही, तिथून बर्फ काढणारा ट्रॅक्टर जातो. अंतर दोनशे फुटांच्या वर आहे, आणि धावपट्टीच्या रस्त्यावरून कॉर्ड टाकायला ते तयार नाहीत, ते बरोबरच आहे.

दीर म्हणतात त्यांचा पिकअप ट्रक विमानाजवळ आणून उभा करता येईल, विमानतळाच्या गृहस्थांची त्याला हरकत नाही. ट्रकच्या बॅटरीवर इन्व्हर्टर लावून पॅड चालवलं तर? आणि वेळ आली तर त्याच ट्रकवरून जंपर केबल लावून विमान सुरू करता येईल का?

ओझरकर
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. १९७८पासूनच्या १७२एनमध्ये २८ व्होल्टची यंत्रणा आणि २४ व्होल्टची बॅटरी आहे. ट्रक १२ व्होल्टचा. जंपर केबल घरीच ठेवा. त्याऐवजी पोचल्या दिवशी विमानाची बॅटरी काढून दिरांच्या घरात नेता आली तर उत्तम. बॅटरी काढणं-बसवणं तुमच्या क्लबच्या मेकॅनिककडून एकदा शिकून घ्या आणि लॉगमध्ये नोंद करा. उणे १८ला लेड-अ‍ॅसिड बॅटरीची ताकद निम्म्यावर येते, आणि उतरलेली बॅटरी गोठून फुटू शकते. मास्टर स्विच बंद आहे ना, हे मी निघताना दोनदा पाहतो.

इन्व्हर्टरची कल्पना चांगली आहे. मी ती स्वतः वापरलेली आहे. पण सिगरेट लायटरच्या सॉकेटमधून करू नका. २५० वॅट आणि इन्व्हर्टरचा तोटा धरून १२ व्होल्टला वीस-बावीस अँपिअर लागतात. त्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते २० अँपिअरचा असतो, तो उडेल. चिमट्यांनी थेट बॅटरीला लागणारा, ४०० वॅट किंवा अधिकचा इन्व्हर्टर घ्या. ट्रकचं इंजिन चालूच ठेवायचं, नाहीतर तासा-दीड तासात ट्रकच तुमच्याकडे मदत मागेल. त्यामुळे हे रात्रभराचं काम नाही, सकाळी तीन-चार तासांचं आहे. तेवढ्यात उणे २०वरून एकट्या पॅडने मला हवं तेवढं नाक तापणार नाही, कव्हर असलं तरी. म्हणून दोन्ही जोडा: सकाळी इन्व्हर्टरवर पॅड, आणि निघायच्या आधी एफबीओच्या गृहस्थांचा ब्लोअर अर्धा तास. त्यांच्याकडे ब्लोअर आहे का हे आजच विचारा, वेळ ठरवून घ्या, ते सुटीच्या दिवशी घरून येणार आहेत. येताना संक्रांतीचे लाडू न्या त्यांच्यासाठी.

ट्रक उभा करताना हँडब्रेक, चाकांना ठोकळे, आणि त्याचा धूर वाऱ्याने विमानाच्या दिशेने येणार नाही असा. तुम्ही दोघे त्या तीन तासांत विमानात बसून राहू नका.

ओ क्लेअरच्या थांब्याचं विचारलं नाहीत, पण सांगतो. पेट्रोल भरून अर्ध्या तासात निघणार असाल तर इंजिन गरमच असतं. उतरल्याबरोबर तोंडांत प्लग आणि वर कव्हर टाका, एवढंच. जेवायला बसून दोन तास गेले तर पुन्हा हिशेब मांडावा लागतो, म्हणून तिथे डबा न्या. तीच गोष्ट मुक्कामी: इंजिन बंद झालं की लगेच कव्हर. आपण ऊब आत घेऊनच आलेलो असतो. टाय-डाउनच्या दोऱ्या, सामान, फोटो, सगळं नंतर.

उत्तरवारा
मी एडमंटनला असतो, मूळचा सोलापूरचा, उत्तरेत यलोनाइफला चार्टर कंपनीत रॅम्पवर काम केलंय. नव्या पायलटांना तिथे आधी रॅम्पवरच उभं करतात, विमानं तापवायला. उणे ४०ला फॅरनहाइट आणि सेल्सिअस एकाच आकड्यावर येतात आणि तिथे खरंच काही फरक उरत नाही.

ओझरकरांनी सांगितलेलं सगळं तिथे मोठ्या प्रमाणावर होतं. इंजिनावर तंबू, पंखांवर कापडी कव्हरं, आणि हर्मन नेल्सन हीटरची जाड नळी तंबूत सोडलेली. जुन्या काळी तर संध्याकाळी इंजिन बंद केल्याबरोबर गरम तेल डब्यात काढायचे, डबा झोपडीत शेगडीजवळ ठेवायचे, आणि सकाळी तंबूत फायरपॉट पेटवून इंजिन तापलं की ते तेल परत ओतायचे. दुसऱ्या महायुद्धात लष्कराने वेगळी युक्ती वापरली, बंद करण्याआधी तेलात थोडं पेट्रोल मिसळायचं, ते पातळ राही आणि दुसऱ्या दिवशी इंजिन तापलं की उडून जाई. नभाताई, तुम्ही जिथे चालला आहात तिथून जवळच कुक नावाचं गाव आहे. अलास्कातल्या विमानसेवेचा पाया घालणारे नोएल वीन तिथेच वाढले. १९२४ला अँकरेज ते फेअरबँक्स हे पहिलं उड्डाण त्यांनी केलं. त्या मातीत ही विद्या आहे. गावातला कुणीही म्हातारा पायलट भेटला तर त्याच्याशी बोला, तो तुम्हाला जास्त शिकवेल.

माझ्याकडून दोन गोष्टी. तिकडच्या बऱ्याच मोटेलांच्या आणि कार्यालयांच्या पार्किंगमध्ये गाड्यांच्या ब्लॉक हीटरसाठी सॉकेट असतात. विमानतळाच्या पार्किंगमध्येही असू शकतात, ते विचारा. आणि ब्रीदर ट्यूब. इंजिनाच्या पोटातून वाफ त्या नळीने बाहेर पडते आणि थंडीत नळीच्या तोंडाशी गोठते. नळी बंद झाली की आतला दाब वाढतो आणि पुढचं सील फुटून तेल काचेवर येतं. सुरू करण्याआधी खाली वाकून बोटाने बघा, बर्फाचा खडा असेल तर काढा. वर नळीला एक छोटी पर्यायी खाच असते, ती मोकळी आहे का तेही.

ओझरकर
उत्तरवारा, फार छान लिहिलंत. ब्रीदरचं मी लिहायला हवं होतं असं वाटेपर्यंत तुम्ही लिहिलंच. सेसनाच्या १७२एनच्या विंटरायझेशन किटमध्ये ब्रीदरला गुंडाळायचं इन्सुलेशन असतं, सोबत काउलची तोंडं अर्धी झाकणाऱ्या पट्ट्या. २० फॅरनहाइटच्या खाली ते किट लावायचं. नभाताई, क्लबच्या कपाटात ते धूळ खात पडलं असेल, शोधा. आणि पारा वर गेल्यावर काढायला विसरू नका, नाहीतर इंजिन जास्त तापेल.

आता प्रत्यक्ष सुरू करण्याबद्दल, कारण प्रीहीट चांगलं करून लोक इथे घाई करतात. प्रीहीट केलेल्या इंजिनाला प्रायमरचे (सिलिंडरकडे पेट्रोल सोडणाऱ्या हातपंपाचे) किती स्ट्रोक द्यायचे ते तुमच्या विमानाच्या पुस्तकात बघा. जोराने, सावकाश नाही, म्हणजे पेट्रोलचा फवारा होतो. मग प्रायमर आत ढकलून कुलूप. थ्रॉटल पंप करू नका. कच्चं पेट्रोल हवेच्या नळीत साचतं आणि एक बॅकफायर झाला की आग लागू शकते. आग लागलीच तर स्टार्टर सोडायचा नाही, फिरवत राहायचं, म्हणजे ज्वाळा आत ओढली जाते. मिक्श्चरची (पेट्रोल-हवेच्या मिश्रणाची) मूठ पूर्ण बाहेर, थ्रॉटल पूर्ण आत, इंधन बंद. हे पुस्तकातलं पान निघायच्या आदल्या रात्री दोघांनी मोठ्याने वाचा.

इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं, पुढच्या खेपेला आणखी मरगळलं, तर समजा स्पार्क प्लगवर हिम धरलं. पहिल्या स्फोटातली वाफ थंड इलेक्ट्रोडवर गोठते आणि ठिणगी पडत नाही. मग बॅटरी संपेपर्यंत स्टार्टर मारण्यात अर्थ नाही, पुन्हा प्रीहीट हाच इलाज, आणि तो पुस्तकातच लिहिला आहे. प्रॉपेलर हाताने फिरवायचा असेल तर प्रत्येक वेळी मॅग्नेटो (ठिणगी पाडणारं यंत्र) जिवंत आहे असं धरूनच. थंडीत बोटं बधिर असतात, पायाखाली बर्फ असतो. एकट्याने करू नका.

सुरू झाल्यावर डोळे ऑइल प्रेशरवर. उन्हाळ्यात ३० सेकंद, कडाक्याच्या थंडीत फार तर एक मिनिट. त्यानंतरही काटा हलला नाही तर बंद करा. मग १००० आरपीएमवर २ ते ५ मिनिटं. तेलाच्या तापमानाचा काटा हलेल याची वाट पाहू नका, खूप थंडीत तो उड्डाणापूर्वी हलत नाही. दोन-तीनदा थ्रॉटल वाढवून बघा. इंजिन अडखळत नसेल आणि प्रेशर स्थिर असेल तर ते तयार आहे.

आणि केबिन हीटर. ती ऊब एग्झॉस्टच्या मफलरभोवतालच्या वेष्टणातून येते. मफलरला तडा असेल तर कार्बन मोनॉक्साइड थेट तुमच्या मांडीवर. बॅटरीवर चालणारा, आवाज करणारा डिटेक्टर न्या. पुठ्ठ्यावरचा काळा पडणारा ठिपका माझ्या दृष्टीने पुरेसा नाही. उत्तर विस्कॉन्सिनच्या जंगलावरून जाताना हीटर पूर्ण उघडा असतो. अंगावर मात्र असे कपडे हवेत की उतरावं लागलं तर बाहेर रात्र काढता येईल. बूट सामानात नाही, पायात.

नभा
सगळं लिहून घेतलं, छापून विमानाच्या पुस्तकात घातलं. गृहस्थांकडे ब्लोअर आहे, शनिवारी सकाळी ११ची वेळ दिली आहे. दीर ८ वाजता ट्रक आणतील. क्लबने कव्हर घ्यायचं मान्य केलं, प्रॉपेलरचंही. विंटरायझेशन किट खरंच कपाटात सापडलं. कार्यालयाच्या भिंतीला गाड्यांसाठी सॉकेट आहे, पण ते टाय-डाउनच्या दुसऱ्या टोकाला.

एकच विचारते. शुक्रवारी रात्रभर हवा उणे ३०च्या खाली गेली आणि शनिवारी नाक ४०वर आलंच नाही, तर? मावळायची वेळ पावणेपाचची, आणि सोमवारी आम्हा दोघांना कामावर जायचं आहे.

ओझरकर
तर रविवारी सकाळी पुन्हा तापवायचं. रविवारीही नाही जमलं तर दिरांचा ट्रक आहे, डलूथहून शिकागोला रोज विमानं जातात, आणि क्लबचं विमान पुढच्या आठवड्यात उबदार दिवशी आणता येतं. क्लबच्या अध्यक्षांना हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवा, म्हणजे तिथे रॅम्पवर उभं राहून ठरवावं लागणार नाही. शनिवारी ११ला नाकाचा आकडा किती आला ते इथे लिहा.